वाचणे आणि उरणे : 'फॉल गाइज'मधील बाद-फेऱ्यांची संहिता

मराठीत 'वाचणे' हे क्रियापद दोन भिन्न अर्थांनी नांदते. अक्षरे वाचणे हा एक अर्थ आणि संकटातून वाचणे हा दुसरा. जुन्या लेखनपद्धतीत दुसऱ्या अर्थाच्या 'वांचणे'वर अनुस्वार दिला जाई. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनंतर तो गळाला आणि दोन्ही शब्द डोळ्यांना एकच दिसू लागले. प्रयोगात मात्र भेद कायम राहिला. 'त्याने ग्रंथ वाचला' हा कर्मणी आणि 'तो वाचला' हा कर्तरी, अकर्मक. पहिल्यात कर्त्याची कृती विषयावर पोचते. दुसऱ्यात कर्त्याने नेमके काय केले याविषयी वाक्य मौन पाळते, तो वाचला एवढेच सांगते. ज्या खेळांत जिंकण्याचा अर्थ 'न पडणे' एवढाच असतो, त्यांच्या समीक्षेला हा व्याकरणिक योगायोग उपकारक ठरण्याजोगा आहे. या खेळांत वाचतो तो बहुधा नीट वाचणारा असतो, आणि तो जे वाचतो ते इतरांचे पडणे असते.

लंडनच्या मीडियाटॉनिक या संस्थेने रचलेला 'फॉल गाइज' हा खेळ ४ ऑगस्ट २०२० रोजी प्रकाशित झाला आणि जून २०२२ पासून तो विनामूल्य झाला. प्रारंभीच्या स्वरूपात त्यात ६० खेळाडू एकाच वेळी उतरत. प्रत्येकाला घेवड्याच्या दाण्यासारखा गोलमटोल, आखूड हातापायांचा एक देह मिळे. छोट्या छोट्या खेळांच्या फेऱ्या होत, प्रत्येक फेरीत काही जण बाद होत आणि अखेरीस एकाच्या हाती मुकुट येई. या रचनेचे पूर्वज दूरचित्रवाणीवर आहेत. १९८६ पासून जपानमध्ये दाखविला गेलेला 'ताकेशीज् कॅसल' आणि त्याआधीचा ब्रिटिश 'इट्स अ नॉकआउट' यांचे ऋण निर्मात्यांनी मान्य केले आहे. यांपैकी पहिला मराठी घरांनाही अपरिचित नाही. पोगो वाहिनीवर जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह तो एका पिढीने पाहिला, आणि त्या समालोचनाने स्पर्धकांचे घसरणे हीच कार्यक्रमाची खरी कथा करून टाकली होती.

प्रश्न असा की, अशा खेळाला संहिता मानून त्याचे वाचन करता येईल काय? क्रीडाभ्यासात याविषयीचा वाद जुना आहे. जॅनेट मरे यांनी १९९७ साली 'टेट्रिस' या ठोकळ्यांच्या खेळात कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकी जीवनाचे रूपक पाहिले, तेव्हा मार्क्कू एस्केलिनेन यांनी त्यावर कठोर आक्षेप घेतला. खेळाच्या नियमांकडे पाठ फिरवून त्यावर कथा लादणे हा अर्थनिर्णयाचा अतिरेक आहे, असे त्या आक्षेपाचे तात्पर्य. 'फॉल गाइज'च्या बाबतीत रूपककथेचा मोह अधिकच मोठा आहे. साठातून एक उरणे ही बाजारपेठेची, नोकरभरतीची, प्रवेशपरीक्षेची प्रतिमा आहे, असे सहज म्हणता येते. म्हणता येते एवढ्याने ते खरे ठरत नाही. २०२१ च्या 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेने ४५६ कर्जबाजारी माणसांना मुलांच्या खेळांत उतरवून हेच रूपक उघडपणे मांडले. तेथे बाद होणे म्हणजे मरणे होते, म्हणून प्रत्येक पडण्याला वजन होते. 'फॉल गाइज'मध्ये पडणारा दाणा गुलाबी रेंद्यात बुडतो आणि खेळाडू काही क्षणांत नव्या खेळाच्या रांगेत उभा राहतो. एकच सांगाडा दोन्हीकडे असूनही अर्थ एक नाही. म्हणून अर्थाचा शोध सांगाड्यात न घेता नियम कसा चालतो यात घ्यावयास हवा.

'डोअर डॅश' ही फेरी पाहावी. धावमार्गावर दारांच्या ओळी एकामागून एक आहेत. त्यांतील काही दारे धडकेने कोसळतात, काही भक्कम आहेत. बाहेरून सारी सारखीच दिसतात आणि पुढच्या ओळींत खऱ्या दारांची संख्या घटत जाते. सर्वांत पुढे असलेला खेळाडू चिन्हापुढे निरक्षर असतो. तो आपले शरीर दारावर आपटतो आणि मागे फेकला जातो. त्याचे हे आपटणे मागून येणाऱ्यांसाठी मात्र अक्षर होते. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतला खेळाडू कोठे गर्दी थबकली आणि कोठे ती आत शिरली एवढे पाहून मार्ग निवडतो. म्हणजे धावण्याच्या शर्यतीत पहिले असणे हा येथे काही काळ तोटा आहे. 'टिप टो' या फेरीत हे तत्त्व आणखी नग्न होते. चौकोनी फरशांचे एक पटांगण, त्यातील काही फरशा पाय पडताच नाहीशा होणाऱ्या. पडणारा बाद होत नाही, आरंभरेषेवर परततो. पण त्याच्या पडण्याने एक खोटी फरशी सर्वांना कळते. त्यामुळे या फेरीत एक विलक्षण दृश्य वारंवार दिसते. शर्यत सुरू आहे आणि सारा जमाव एका फरशीवर दाटीवाटीने उभा आहे. पुढे कोणी जात नाही. शेवटी कोणी तरी स्वतःहून पाऊल टाकतो, किंवा मागचा त्याला ढकलतो.

या दृश्यात खेळाचा नैतिक गाभा आहे, आणि तो 'स्पर्धा' या शब्दात मावत नाही. ज्ञान सामूहिक आहे, त्याची किंमत मात्र एकेकट्याने मोजावयाची आहे. जो पुढे जातो तो पराभवाचा धोका पत्करून सर्वांसाठी जमीन वाचनीय करतो. जो मागे राहतो तो वाचतो, दोन्ही अर्थांनी. ही व्यवस्था शोषणाची म्हणावी की सहकार्याची, याचे उत्तर नियमात नाही. पाऊल टाकणाऱ्याने ते स्वेच्छेने टाकले की त्याला ढकलले गेले, यावर ते ठरते, आणि खेळाचे यंत्र या दोहोंत भेद करीत नाही. रूपकवादी समीक्षेच्या हातून नेमका हा भेद निसटतो. ती मुकुटाकडे पाहते. फरशीकडे पाहत नाही.

रॉजर कायवा यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांचे चार आदिबंध सांगितले : स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ. या चारांच्या जोड्यांचा विचार करताना स्पर्धा आणि भोवळ ही जोडी त्यांनी निषिद्ध मानली. नियमबद्ध झुंजीला लागणारे भान आणि गरगरण्यातील भानहरपण एकत्र नांदू शकत नाहीत, असा त्यामागचा विचार. 'फॉल गाइज' नेमका या निषिद्ध जोडीवर उभा आहे. 'जंप क्लब'मध्ये फिरत्या दांड्यावरून उड्या मारीत राहावयाचे असते आणि दांड्याचा वेग वाढत जातो. 'रोल आउट'मध्ये पायाखालची वलये परस्परविरुद्ध दिशांना फिरतात. दाण्याचा देह मुद्दामच असा घडविला आहे की त्याला धक्का लागताच तो लोळू लागतो आणि काही क्षण आज्ञा पाळत नाही. मग कायवांचा सिद्धांत खोटा ठरला काय? तसे म्हणणे घाईचे होईल. कायवांपुढे खेळणारा आणि गरगरणारा यांचे शरीर एकच होते. येथे ते दुभंगले आहे. भोवळ दाण्याला येते, भान खुर्चीवर बसलेल्याचे शाबूत असते. चिडणे आणि हसणे या दोन प्रतिक्रिया जवळजवळ एकाच क्षणी उमटतात त्या या दुभंगामुळे. ॲरिस्टॉटलने हास्यास्पदाची व्याख्या वेदना वा विनाश न घडविणारा दोष अशी केली. भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेषाचा उल्लेख केला आणि हास्याचे आत्मस्थ व परस्थ असे दोन प्रकारही मानले. दाणा पडतो तेव्हा हसणारा स्वतःला हसतो की दुसऱ्याला, हे सांगणे कठीण आहे. आत्मस्थ-परस्थ हा भेद येथे विरघळू लागतो, आणि रसचर्चेच्या अभ्यासकाने या ठिकाणी थोडे थांबावे असे आहे.

'हेक्स-अ-गॉन' ही अंतिम फेऱ्यांपैकी एक. षट्कोनी फरशांचे एकाखाली एक थर असतात. पाय टेकला की फरशी क्षणभर टिकते आणि नाहीशी होते. धावणारा लवकर जमीन संपवितो. जाणता खेळाडू एकेका फरशीवर उडी मारीत, शक्य तितका विलंब करीत वरच्या थरावर राहतो, कारण प्रत्येक पाऊल ही उरलेल्या आयुष्यातून केलेली वजावट आहे. खालच्या थरावर आधी उतरून इतरांच्या भावी जमिनीला भोके पाडणे हाही एक डाव आहे. आपली वाट मागे पुसत जाणारा हा पदन्यास पाहून देरिदांच्या परिभाषेची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण ती परिभाषा येथे फारसे काम करीत नाही. खेळाडूच्या लेखी ते भोक म्हणजे अर्थाचे पुढे ढकलले जाणे नसून सरळ सरळ भोक आहे, आणि चुकीच्या वेळी ते दिसले नाही तर तो खाली जातो. सिद्धांताच्या उत्साहात ही साधी गोष्ट विसरता कामा नये.

या फेरीत विजयाचा क्षण फार चमत्कारिक असतो. शेवटचा प्रतिस्पर्धी दोन थर खाली, दृष्टीआड कोठे तरी पडतो आणि वर उभ्या असलेल्याला मुकुट मिळतो. त्या क्षणी त्याने काहीच केलेले नसते. कदाचित तोही पडतच असतो, फक्त थोडा उशिरा. 'जिंकला' हे क्रियापद येथे उसने वाटते. 'उरला' हेच खरे.

या उरण्याची उलट बाजू म्हणजे बाद होणे. एका खेळात ६० जण असतील तर त्यात ५९ शेवट बाद होण्याचे असतात. कृतीला आदि, मध्य, अंत असावा आणि तिला उचित लांबी असावी, ही ॲरिस्टॉटलची अपेक्षा यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयींवर कलाकृतीची घडण उभी केली. पहिल्याच फेरीत बाद झालेल्याला संवाद नाही, समतोल नाही, हाती येतो तो केवळ विरोध. जेस्पर यूल यांनी २०१३ च्या पुस्तकात विचारलेला प्रश्न येथे टोकाला जातो : माणूस अपयश टाळू पाहतो, तरी ज्यात अपयश हमखास आहे अशा खेळाकडे तो आपण होऊन का जातो?

उत्तराचा एक धागा मराठी मैदानात सापडतो. कबड्डीचे जुने तीन प्रकार म्हणजे 'बाद' या कल्पनेची तीन व्याकरणे होती. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला बाद गडी जिवंत होई. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये गडी मैदान सोडीत नसे, गुण तेवढा मोजला जाई. 'फॉल गाइज'चा एकेक खेळ गामिनीच्या नियमाने चालतो, परंतु त्या खेळांची मालिका अमरच्या नियमाने. बाद झालेल्यापुढे दोन पर्याय असतात, इतरांचे खेळणे पाहत राहणे किंवा निघून नव्या खेळात शिरणे. दुसरा पर्याय इतका जवळ असतो की बाहेर बसणे हा अनुभवच नाहीसा होतो. गामिनीतला गडी बाहेर बसून जे सोसत होता, पाहत होता आणि शिकत होता, त्याला येथे वेळ उरत नाही. पराभव सुसह्य होतो तो त्याचा अर्थ लागल्यामुळे नव्हे, तर अर्थ लागण्याआधीच तो संपल्यामुळे. या खेळाविषयीची गंभीर तक्रार करावयाची तर ती येथे करावी. त्याचा निरागस गुलाबी रंग ही तक्रारीची जागा नव्हे.

आणखी एका गोष्टीने 'संहिता' ही संज्ञा अडचणीत येते. 'टेल टॅग'मध्ये काही दाण्यांना शेपट्या असतात आणि वेळ संपताना ज्याच्याकडे शेपटी असेल तो वाचतो. प्रकाशनानंतरच्या काळात या फेरीविषयी खेळाडूंची नाराजी मोठी होती, कारण दूरवरच्या दाण्याने हात न लावताही शेपटी गेल्यासारखे दिसे. कारण तांत्रिक आहे. संदेशाला जाळ्यातून प्रवास करण्यास वेळ लागतो, म्हणून प्रत्येकाच्या पडद्यावरील जग इतरांच्या जगापेक्षा किंचित मागे-पुढे असते, आणि कोणाचे जग खरे याचा निवाडा मध्यवर्ती यंत्र करते. प्रत्येक वाचक आपली संहिता घडवितो हे वाचककेंद्री समीक्षेचे विधान साहित्यात लाक्षणिक होते. येथे ते अक्षरशः खरे आहे, एका भेदासह. साहित्यात अंतिम निवाडा करणारे यंत्र नसते.

'रॉयल फंबल' या अंतिम फेरीत सर्वांमिळून शेपटी एकच असते. एखादा दाणा जवळजवळ सारा वेळ ती सांभाळतो, झोपाळ्यांतून आणि उतारांवरून पळत राहतो. घड्याळात शेवटचा सेकंद असताना कोणाचा तरी हात त्याच्यापर्यंत पोचतो. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर तो हात अजून बराच दूर असतो.