लोकप्रशासन : टेबलाच्या अलीकडून

लोकप्रशासन हा विषय नागपूरला नवा नाही. नागपूर विद्यापीठाने १९४९-५० साली या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. देशातला असा हा पहिलाच विभाग समजला जातो. आज मनीषनगरात तिघे मिळून एक खोली भाड्याने घेणारा आणि अभ्यासिकेत रात्र काढणारा आपला तरुण हाच विषय घेऊन बसतो. त्याच्या कष्टांविषयी इथे काही म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते त्याच्या पुढ्यातल्या पुस्तकाविषयी.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा विषय १९८७ पासून वैकल्पिक म्हणून आहे. पहिल्या पेपरात टेलरची चळवळ आहे, वेबरची नोकरशाही आहे, फॉलेट, मेयो, बर्नार्ड, सायमन आहेत. दुसरा पेपर भारतीय प्रशासनाचा. तो सुरू होतो कौटिल्यापासून, मग मोगल, मग इंग्रज. या यादीत जोतीराव फुले नाहीत. बाबासाहेबही नाहीत. ज्या माणसाने १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए.चा प्रबंधच ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थकारणावर लिहिला, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ज्याचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, तो प्रशासनाच्या अभ्यासक्रमात विचारवंत म्हणून बसत नाही. हा विसर म्हणायचा की निवड?

वेबरचे म्हणणे असे, की नोकरशाहीत पदाला मान असतो, माणसाला नव्हे. वरचा हुकूम देतो, खालचा पाळतो. आता हे म्हणणे १९१७ सालच्या बडोद्याच्या कचेरीला लावून पाहा. अधिकारी कोलंबियात शिकून आलेला आणि शिपाई त्याच्या टेबलावर फायली लांबून फेकतो, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. पदाची उतरंड एक सांगते, जातीची उतरंड दुसरे सांगते, आणि जिंकते दुसरी. आपल्याकडच्या कचेरीचा अभ्यास या प्रसंगापासून सुरू व्हायला हवा होता.

फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) आपण इतिहास म्हणून वाचतो, फार तर साहित्य म्हणून. माझ्या मते मराठीतली प्रशासनाची पहिली खरी समीक्षा तिथे आहे. गोरा अधिकारी ऐषआरामात, त्याच्या हाताखालचा ब्राह्मण कामगार कागद रंगवणारा, आणि निरक्षर कुणबी दोघांच्या मधे नागवला जाणारा. जो लिहितो त्याच्या हाती सत्ता जाते, हे फुल्यांनी कचेरीच्या ओट्यावरून पाहिले. परीक्षेच्या भाषेत यालाच 'उत्तरदायित्वाचा अभाव' म्हणतात. शब्द मोठा झाला आणि कुणबी त्यातून नाहीसा झाला.

आणि 'लोकसेवा' हा शब्द तरी आपल्याला नवा आहे काय? मुंबई इलाख्यातला महार वतनदार हा गावातला सरकारचा सर्वांत खालचा नोकरच होता. हाक आली की जायचे; तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. वेळ ठरलेली नाही, पगार नाही, मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि दारोदारचे बलुते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक मांडले. ते वतन कायद्याने संपायला १९५९ उजाडले. वेठीच्या या नोकरीतून सुटलेल्यांची नातवंडे आज स्पर्धेने सरकारी नोकरी मागताहेत. एवढा मोठा पालट कोणत्या मार्गदर्शक पुस्तकात एका परिच्छेदाने तरी आला आहे?

यावर एक आक्षेप येईल : गुण वेबरला मिळतात, असूडाला नाहीत. खरे आहे. म्हणून वेबर टाकून द्या असे कुणी म्हणत नाही. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. आता पर्यायावर खूण करून सुटका नाही, लिहावे लागते. आणि लिहिताना उदाहरण आपले घेता येते. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) पोलीस ठाणे दिसते ते झडती देणाऱ्याच्या बाजूने. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, ठाण्याची नजर मात्र तीच राहिली, हे त्या आत्मकथनाइतके स्वच्छ कोणताही अहवाल सांगत नाही.

बाबासाहेब ज्यांना माऱ्याच्या जागा म्हणत, तिथे आपली मुले थोडीबहुत पोहोचली आहेत. तिथे बसल्यावर टेबलाच्या अलीकडे उभा असलेला माणूस त्यांना काय दिसतो? बहुतेकदा 'लाभार्थी' दिसतो. हा शब्द त्यांना घराने दिलेला नाही, अभ्यासाने दिला आहे. घरात त्या माणसाला काका म्हणत.