परिचय कोण करून देतो? : कोरियन कवयित्री आणि आपली ओवी

एखाद्या भाषेतल्या स्त्रियांची कविता परक्या वाचकापुढे ठेवताना शब्दांच्या आधी ओळख ठरवावी लागते. ‘ह्या बायका कोण?’ या प्रश्नाला अनुवादक जे उत्तर देतो, त्यावर पुढचे बरेचसे वाचन ठरून जाते. कोरियन कवयित्रींच्या बाबतीत हे उत्तर गेल्या वीसेक वर्षांत कसे दिले गेले ते पाहिले, की मराठवाड्यातली जात्यावरची ओवी जगापुढे नेताना आपले काय राहून जाते हे लक्षात येते.

२००६ साली अमेरिकेत ‘अँग्झायटी ऑफ वर्ड्‌स’ हा अनुवादित कवितांचा संग्रह निघाला. त्यात कवयित्री तीनच : चे सुंग-जा, किम हेसून आणि ई योन-जू. अनुवादक डॉन मी चोई सेऊलमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या लेखनपरंपरेत वावरणाऱ्या आणि स्वतः कवयित्री. सबंध कोरियन स्त्रीकवितेचे प्रातिनिधिक दर्शन घडवण्याचा मोह त्यांनी टाळला, हा मला त्या पुस्तकाचा सर्वांत मोठा शहाणपणा वाटतो. कोरियनमध्ये कवयित्रीसाठी ‘योर्यू’ हे विशेषण रूढ होते. त्याचा अर्थ साधारण ‘बायकी वळणाची’. या वळणात कोमलता बसते, विरह बसतो, सोसणे बसते. राग, रक्त, घाण, उपहास बसत नाहीत. चोईंनी निवडलेल्या तिघी नेमक्या या वळणाबाहेरच्या आहेत. आपल्याकडे ‘कवयित्री’ हा शब्द वरवर निरुपद्रवी दिसतो. पण संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘महिला कविसंमेलन’ वेगळे छापले जाते तेव्हा त्यामागे हेच वळण असते.

पुढे चोईंनी किम हेसून यांची साथ सोडली नाही. एकाच कवयित्रीची पुस्तकामागून पुस्तके त्या इंग्रजीत नेत राहिल्या आणि स्वतःच्या लेखनात कोरियातली लष्करी राजवट, युद्ध, अमेरिकेचे तिथले वजन यांबद्दल स्पष्ट बोलत राहिल्या. ‘ऑटोबायोग्राफी ऑफ डेथ’ या संग्रहाला २०१९ चे कॅनडातले ग्रिफिन पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाच्या नियमाप्रमाणे अनुवादित पुस्तकाची साठ टक्के रक्कम अनुवादकाला आणि चाळीस टक्के मूळ कवीला जाते. आपल्याकडे अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर आले तरी पुष्कळ, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. कोरियात सरकारी पाठबळाची साहित्य-अनुवाद संस्था आहे, तिथे पैसा आहे, हे खरेच. पण पैशाने पुस्तके निघतात. एका कवयित्रीजवळ वर्षानुवर्षे थांबणारा अनुवादक त्याने मिळतोच असे नाही.

त्या संग्रहात एकोणपन्नास कविता आहेत, कारण बौद्ध समजुतीप्रमाणे मृत्यूनंतर पुढचा जन्म मिळेपर्यंत एकोणपन्नास दिवस जातात. २०१४ साली सेवोल ही बोट बुडून तीनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. तो घाव या कवितांच्या मागे आहे. इंग्रजी वाचकाला हे सगळे समजावून द्यावे लागते. आपल्या जिल्ह्यातल्या लोहारा-उमरग्याच्या वाचकाला सामूहिक मृत्यू म्हणजे काय हे कुठल्या टिपेतून कळायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट त्याने पाहिलेली किंवा घरात ऐकलेली असते.

आणखी एक गोष्ट अशीच जवळची आहे. किम हेसून यांनी स्त्रीच्या लेखनाचा विचार करताना बारी या टाकून दिलेल्या राजकन्येच्या कथेचा आधार घेतला आहे. राजाला सातवीही मुलगीच झाली म्हणून तिला टाकून दिले जाते. पुढे तीच आईबापांसाठी परलोकात जाऊन जीवनजल आणते आणि मेलेल्यांना वाट दाखवणारी होते. ही कथा कोरियात ‘मुदांग’ म्हणजे अंगात येणाऱ्या बायका मृतांच्या विधीत गातात. तुळजापुरात कवड्यांची माळ घालून, परडी घेऊन गाणाऱ्या आराधिणी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला इंग्रजीतला ‘शामन’ हा शब्द अपुराच वाटेल. विधीत गाणारी बाई एरवी गावात कुठे बसते, तिला कोण मान देतो आणि कोण टाळतो, हे त्याला ठाऊक असते. दोन्ही परंपरा एकच आहेत असे मी म्हणत नाही; पण किम हेसून यांच्या कवितेतला तो आवाज कुठून येतो हे तुळजापूरचा वाचक न्यूयॉर्कच्या वाचकापेक्षा लवकर ओळखेल.

आता उलट दिशा पाहू. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्यातल्या संस्थेमार्फत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, लाखाच्या वर ओव्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या इंग्रजी अनुवादासह आणि ध्वनिमुद्रणासह लोकांपुढे आणायला सुरुवात केली. मराठी स्त्रियांचे काव्य परदेशी वाचकापर्यंत पोचवणारे याहून मोठे काम मला माहीत नाही. ओवीसोबत गायिकेचे नाव आणि गाव नोंदले गेले, ही त्यातली थोर गोष्ट. ‘लोकगीत म्हणजे निनावी’ ही आपली जुनी समजूत त्या एका रकान्याने मोडली.

तरीही वाचकापुढे ओवी बहुधा विषयवार येते : सीता, माहेर, भाऊ, पंढरी, पाऊस. अभ्यासाला हे सोयीचे आहे. पण याने एकाच बाईच्या ओव्या दहा विषयांत विखुरतात आणि भावावर लाडिक ओवी गाणारी तीच बाई पुढच्या घासाला नवऱ्याला काय सुनावते ते दिसत नाही. विषयांतून ‘मराठी स्त्रीचे दुःख’ तयार होते, एक कवयित्री तयार होत नाही. परदेशी वाचक त्या दुःखाने हळहळतो आणि पान उलटतो. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मडकी पारखली ही कथा आपण सगळे सांगतो. पारखायला सांगितले मुक्ताबाईने, हे मात्र सांगता सांगता गळते. विषयवार मांडणीत गायिकेचे असेच होते.

अनुवादात आणखीही काही गळते. छापील ओवी दोन ओळींची दिसते. गाताना बाई अर्धी ओळ पुन्हा घेते, मध्ये ‘बाई’, ‘सांगते’ असे शब्द घालते, आपल्या गळ्यावर ती ओळ बसवते. इंग्रजीत दोन ओळींचा अर्थ उरतो आणि सुभाषितासारखा वाटू लागतो. ‘माहेर’ हा शब्द अनुवादक बहुधा तसाच ठेवतात. ते बरोबरच आहे. पण ‘सासुरवाशीण’ची जेव्हा नुसती विवाहित स्त्री होते, तेव्हा त्या शब्दातला ‘वास’, परक्या घरात राहणे, निघून जाते.

याबाबत एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. कोरियन वाक्यात क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते, आदराची रूपे क्रियापदात उतरतात आणि टपटप, भणभण, झुळझुळ असे नादानुकारी जोडशब्द त्या भाषेत मुबलक आहेत. किम हेसून यांच्या कवितेतले असे शब्द इंग्रजीत आणताना चोईंना इंग्रजी वाकवावी लागली. मराठीला तेवढे वाकावे लागणार नाही. म्हणजे कोरियन कविता आपण इंग्रजीतून वाचतो तेव्हा, जे आपल्या भाषेला सहज पेलले असते तेच वाटेत सांडलेले असते. आपली ओवी इंग्रजीमार्गे कोरियात गेली तर तिचीही हीच गत होईल.

चोईंकडून घ्यायचे ते हे : थोडे घ्या, एकीचे घ्या, आणि प्रस्तावनेत गोड बोलू नका. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. जाते तेच, दळण तेच, गळाही तोच. पण ज्या जागी इतर गावांत राम येतो तिथे बाबासाहेब येतात. हे परदेशी वाचकाला ‘लोकश्रद्धा’ म्हणून सांगितले तर तो चुकीचे वाचेल. त्याला सांगावे लागेल की पाणवठा कुणाला बंद होता, वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला होती, १९५६ नंतर घरातल्या देव्हाऱ्याचे काय झाले आणि हे सगळे घडत असताना पहाटे जात्यावर बसलेली बाई जुन्या चालीत नवे नाव कसे बसवत होती.