‘संसार’ आणि स्वर्गदृष्टी : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक अर्थप्रश्न

मुंबईत शिवडी येथील ख्रिस्ती दफनभूमीची जागा १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने निश्चित झाली. बोरीबंदरच्या भव्य रेल्वे स्थानकाचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू १९००) आणि गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट (मृत्यू १९२६) तेथेच विसावले आहेत. पुढे या भूमीच्या आसपास कापसाची कोठारे, गिरण्या आणि बंदराची वर्दळ वाढली. धनसंचयाच्या या परिसरात राहून स्वर्गाकडे दृष्टी कशी ठेवावी, हा तेथील ख्रिस्ती उपासकापुढे नित्य उभा राहणारा प्रश्न होय. त्याचे उत्तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने कोणत्या शब्दांत दिले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

फादर टॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराणा’त (१६१६) स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजिला. परिचित शब्दात नवा आशय ओतण्याची ही रीत पुढील लेखकांनाही सोयीची वाटली. मात्र असा शब्द आपले पूर्वसंस्कार बरोबर घेऊन येतो. ‘संसार’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण आहे. मूळ संस्कृतात जन्ममरणाचा फेरा दर्शविणारा हा शब्द मराठीत घरगृहस्थीचा वाचक झाला. ‘संसार थाटणे’, ‘संसार मोडणे’ हे प्रयोग त्याची साक्ष देतात. ‘प्रपंच’ शब्दाचेही तसेच झाले. ‘जग’ या शब्दास मात्र असा अर्थ चिकटला नाही. परिणामी ज्या मोहमय जगापासून सावध राहावयाचे, त्यास ‘संसार’ म्हणताच पत्नी, मुले व चूलही मोहाच्या यादीत जाऊन बसतात.

हा धोका केवळ मराठीपुरता नाही. हरि केशवजी यांनी ‘यात्रिक क्रमण’ (१८४१) या नावाने मराठीत आणलेल्या बन्यनच्या रूपककथेच्या पहिल्या भागात (१६७८) नायक कानांत बोटे घालून बायकामुलांना मागे टाकतो. दुसऱ्या भागात (१६८४) बन्यनला त्या कुटुंबालाही त्याच वाटेवर आणावे लागले. याच कथेतील बाजाराचा प्रसंग अधिक मार्मिक आहे. स्वर्गनगरीची वाट त्या बाजारातूनच जाते. त्याला वळसा घालता येत नाही. मराठी वाचकापुढे ‘यात्रिक’ म्हणताच वारकरी उभा राहतो. पण वारकरी पंढरीहून घरी परततो, बन्यनचा यात्रिक परतत नाही. हा भेद अनुवादाच्या शीर्षकात झाकला जातो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या जीवनात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला व १९१७ मध्ये ख्रिस्ती संन्यासाची वाट धरली. त्यांचे वैराग्य निर्विवाद होय. परंतु लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) वाचल्याशिवाय त्या वैराग्याचे मोल कळत नाही. हाती आलेला पैसा देऊन टाकणाऱ्या पतीच्या मागे घर कोणी व कसे चालविले, हे तेथे मिस्कील, पण नेमक्या शब्दांत आले आहे. टीकाकारांनी या ग्रंथाकडे बहुधा विनोद आणि प्रांजळपणा यांसाठी पाहिले. वैराग्याच्या परिभाषेची परीक्षा म्हणूनही तो वाचला पाहिजे. लक्ष्मीबाई पतीच्या श्रद्धेवर आघात करीत नाहीत. त्या श्रद्धेचा खर्च कोणाच्या खाती पडला, एवढेच दाखवितात.

या ठिकाणी पौलाच्या कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय निर्णायक ठरतो. चित्त ऊर्ध्व ठेवण्याच्या उपदेशाने तो आरंभतो. पण त्याज्य म्हणून लोभ, क्रोध, निंदा, असत्य यांची गणना करतो, घराची नव्हे. उलट, त्याच अध्यायाच्या शेवटी पती, पत्नी, मुले व पिते यांची परस्परकर्तव्ये सांगितली आहेत. म्हणजे येथे स्वर्गदृष्टीची कसोटी घराबाहेर नसून घरातच लागते. पौलाचा हा क्रम लक्षात घेता ‘संसारत्याग’ हा शब्द ख्रिस्ती साधनेस अपुरा, कित्येकदा दिशाभूल करणाराही ठरतो. मराठी ख्रिस्ती ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्याने ‘जग’, ‘संसार’ व ‘प्रपंच’ यांचे प्रयोग स्वतंत्रपणे नोंदविल्यास कोणत्या लेखकाने मोह सोडावयास सांगितला आणि कोणी माणसे, हे स्पष्ट होईल.