'जर'ची जबाबदारी

इतिहासात 'जर-तर'ला जागा नसते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. साहित्यात मात्र ती आहे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांवर झाडलेली गोळी चुकते आणि हिंदुस्थानचा इतिहास निराळ्या वळणाने जातो. अनेक मराठी वाचकांना पर्यायी इतिहासाची चटक या कथेनेच लावली. त्याच वाटेने आज आम्ही ब्राझीलकडे पाहतो आहोत. आपल्या गोव्यावर ज्या पोर्तुगालचे राज्य होते, त्याचीच ही वसाहत. ती १८२२ मध्ये स्वतंत्र झाली. तेथील राजकारणाने 'जर' विचारण्याच्या जागा जागोजाग पेरून ठेवल्या आहेत. प्रश्न एवढाच की, त्यांतला कोणता 'जर' विचारण्याजोगा आहे?

सर्वांत प्रिय 'जर' मोठ्या माणसांचे असतात. २४ ऑगस्ट १९५४ रोजी गेतुलियो व्हार्गास यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासातच स्वतःवर गोळी झाडून घेतली. ती झाडलीच नसती तर? जानियो क्वाद्रोस यांनी सात महिन्यांच्या कारभारानंतर २५ ऑगस्ट १९६१ ला राजीनामा दिला नसता तर? १९६४ च्या लष्करी बंडाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्त यांनी देश सोडण्याऐवजी लढा दिला असता तर? आणि तान्क्रेदो नेव्हेस वाचले असते तर? एकवीस वर्षांच्या लष्करी राजवटीनंतर निवडून आलेला हा पहिला मुलकी राष्ट्राध्यक्ष शपथविधीच्या आदल्या रात्री रुग्णालयात दाखल झाला आणि २१ एप्रिल १९८५ ला वारला. खुर्चीवर बसले ते जोझे सार्नी. काही काळापूर्वी ते लष्कराला पाठिंबा देणाऱ्या पक्षाचेच अध्यक्ष होते.

हे प्रश्न मनाला चटका लावतात, पण आम्हाला ते सोयीचेही वाटतात. सारे एका माणसाच्या आतड्यावर वा पिस्तुलावर टाकले की बाकीचे सुटले. तान्क्रेदो यांना जनतेने थेट निवडले नव्हते, निवडक मतदारमंडळाने निवडले होते, ही गोष्ट त्या हळहळीत विसरली जाते. त्याआधी १९८४ मध्ये थेट निवडणुकीसाठी लाखो लोक रस्त्यावर उतरले होते. २५ एप्रिलच्या रात्री घटनादुरुस्तीला ३२० मते हवी होती, २९८ पडली. शंभराहून अधिक खासदार सभागृहात फिरकलेच नाहीत. बावीस मतांचा हा 'जर' आम्हाला त्या मृत्यूपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात गैरहजर राहिलेल्यांची नावे विचारता येतात. नियतीला जाब विचारता येत नाही. सभागृहातून गायब झालेल्या माणसाला विचारता येतो.

ब्राझीलच्या लेखकांनी मात्र राष्ट्राध्यक्षांच्या पलीकडेही पाहिले आहे. जेर्सन लोदी-रिबेइरो यांनी एका कथेत पॅराग्वेबरोबरच्या युद्धात (१८६४-७०) ब्राझीलला पराभूत केले. दुसरीकडे त्यांनी पळालेल्या गुलामांचे पाल्मारेस हे राज्य टिकून स्वतंत्र राष्ट्र झाले, अशी कल्पना केली. प्रत्यक्षात पाल्मारेसचा मुख्य गड १६९४ मध्ये पडला आणि पुढच्या वर्षी २० नोव्हेंबरला झुंबी मारला गेला. जोझे व्हेइगा यांची १९८९ ची कादंबरी, जिच्या नावाचा अर्थ 'सापाची कात', हिची झेप आम्हाला अधिक भावते. १८९७ मध्ये सैन्याने कानुदोस ही गरिबांची वस्ती पुरती उद्ध्वस्त केली. तिचा धर्मनेता आंतोनियो कोन्सेल्येइरो त्याआधी काही दिवसच वारला होता. सैनिकांनी त्याचे प्रेत उकरून शिर कापून नेले. व्हेइगा त्याला जिवंत निसटू देतात. पण विजयी करत नाहीत. ते त्याला बदलायला लावतात. जुनी कात टाकून तो नवी वस्ती उभारतो. पराभूताला केवळ मुकुट चढवण्यापेक्षा त्याची परीक्षा घेणे, हे या कादंबरीचे खरे बळ आहे.

आणि आता तो 'जर', ज्याच्याशी आमचे नाते अधिक जवळचे आहे. २४ जानेवारी १८३५ ची रात्र, बाहिया प्रांतातले साल्वादोर शहर, रमजानचे शेवटचे दिवस. सुमारे सहाशे आफ्रिकी माणसे, काही गुलाम, काही मुक्त झालेली, शस्त्रे घेऊन उठली. त्यांच्या पुढाऱ्यांत मुसलमान होते. त्यांना 'माले' म्हणत. बेत पहाटेचा होता, पण खबर फुटली आणि रात्रीच झडती सुरू झाली. सत्तरांहून अधिक बंडखोर मारले गेले. पुढे फटके, कैद, हद्दपारी झाली आणि चौघांना गोळ्या घातल्या गेल्या. अरबी अक्षरांत लिहिलेले कागद पोलिसांनी पुरावा म्हणून गोळा केले. लिहिता येणे हाच गुन्हा ठरला. ब्राझीलमध्ये गुलामी संपली ती १८८८ मध्ये, म्हणजे आणखी त्रेपन्न वर्षांनी.

खबर फुटली नसती तर? हा प्रश्न मनात येताच आमचे मन भरून येते, आणि इथेच समीक्षकाने सावध व्हायला हवे. आपल्या माणसांची हार वाचली की आपण लगेच त्यांना कल्पनेत तख्तावर बसवतो. पण जुआंव जोझे रेइस यांनी या बंडावर १९८६ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यातली माहिती इतकी सरळ नाही. ब्राझीलमध्येच जन्मलेले कृष्णवर्णीय या बंडात उतरले नाहीत. गोऱ्यांना मारून मिश्रवंशीयांना गुलाम ठेवायचे होते, असे काही जबान्यांत नोंदले आहे. त्या जबान्या भीतीखाली दिलेल्या असतील, अतिशयोक्त असतील. तरी त्या बाजूला सारून जो कोणी मालेंच्या विजयाची कादंबरी लिहील, तो त्यांना न्याय देणार नाही, फक्त आपल्या मनाचे समाधान करील. नव्या राज्यात बाजारात कोण विकले गेले असते, हा प्रश्न त्याने टाळता कामा नये.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. ज्या 'जर'ने आपल्या दुःखाला फक्त फुंकर मिळते, तो कच्चा. ज्याने आपल्याच माणसांना, त्यांच्यावर प्रेम असूनही, अवघड प्रश्न विचारता येतात, तो पक्का. व्हेइगांनी कोन्सेल्येइरोला विचारले, तसे मालेंना विचारणारे कोणी हवे. त्या जप्त कागदांतल्या अक्षरांची किंमत त्याने कमी होणार नाही. कोणाच्याही काल्पनिक विजयाशिवाय ती अक्षरे खरी आहेत.