हाक आणि साक्ष

नागपूरहून राजनांदगावाकडे जाणारा लोहमार्ग आमच्या गोंदियावरून जातो. १८९३ च्या सुमारास याच मार्गाने नोकरीसाठी निघालेल्या नारायण वामन टिळकांस गाडीत एक अपरिचित युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने 'नवा करार' त्यांच्या हाती ठेवला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाविक वाचक येथे भाकितास हात जोडून पुढे जातात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना आमचे पाऊल मात्र येथेच अडले. ख्रिस्ती माणसाने अनेक शब्दांतून कोणाचा शब्द ऐकावा, आणि तो ऐकण्याजोगा आहे हे ओळखावे कसे?

भाकीत ही त्या भेटीतील सर्वांत हलकी गोष्ट होय. तू कोणी विशेष आहेस, असे सुचविणारा शब्द कोणास गोड लागत नाही? कवीस तर तो फारच लवकर लागतो. पण डोंगरावरील प्रवचन ऐकणाऱ्याची स्तुती करीत नाही. त्याच्याकडून काही मागते. टिळकांस धरून ठेवले ते त्या मागणीने. शिवाय ती त्यांस सर्वस्वी परकीही नव्हती. आपण तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. नव्या हाकेची पारख जुन्या, जिवाभावाच्या वाणीने झाली, असा आम्ही याचा अर्थ घेतो.

लक्ष्मीबाईंची कसोटी याहून कठीण. त्या काळच्या स्त्रीस पतीचा शब्द म्हणजे जवळजवळ देवाचाच शब्द. आणि हा पती तर देवाचे नाव घेऊनच घर सोडून गेला! एकीकडे तो, दुसरीकडे आप्तांचा आक्रोश. बाईंनी दोहोंपैकी कोणासही आपला विवेक वाहिला नाही. काही वर्षे त्या नातलगांत राहिल्या. पतीकडे परतल्या तरी सोवळे सांभाळून, पाणी व स्वयंपाक वेगळा ठेवून राहिल्या. टिळक स्वभावाने तापट, हे त्यांनीच हसत हसत लिहून ठेवले आहे. तरी या एका बाबतीत त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. सोवळे सुटले ते बाईंच्या स्वतःच्या मनाने त्याचा निकाल लावला तेव्हा. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

या ग्रंथात तत्त्वचर्चा थोडी आणि चूल, घागर, भांडणे फार, असा आक्षेप कोणी घेईल. आमच्या मते त्याचे धर्मचिंतन तेथेच आहे. चरित्रकारांना स्वर्गीय वाणी मोठ्याने ऐकू येते. ती ऐकणाऱ्याच्या घरात त्या दिवशी पीठ होते की नाही, हे सहसा ऐकू येत नाही. १९१७ साली टिळकांनी पुन्हा अशीच एक हाक ऐकली, मिशनचा पगार सोडला आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. हाक खरी नव्हती, असे म्हणण्याचे धाष्टर्य आम्ही करीत नाही. परंतु हाक एकास येते व तिची किंमत घरातील सर्वांस भरावी लागते. म्हणून त्या किंमत भरणाऱ्यांची साक्ष घेतल्यावाचून तिच्या खरेपणाचा निवाडा होऊ नये. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' ही आमच्या भाषेतील तशी साक्ष आहे. तीत तक्रार आहे, थट्टा आहे. मात्र पश्चात्ताप नाही.

टिळक १९१९ साली वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. त्याचे पुढील अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.