उरलेल्या पाण्याची वाट

प्रवाळांच्या टाकीसमोर उभे राहिले की डोळे माशांवर जातात, आणि ते योग्यच आहे. पण टाकीच्या मागच्या कोपऱ्यात एक काळी पेटी असते. त्या पेटीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या तीन पीव्हीसी नळ्या, माझ्या मते, घरगुती मत्स्यालयातली सर्वांत देखणी रचना आहेत. ‘बीनॲनिमल’ या टोपणनावाच्या छंदिष्टाने ती मांडली आणि त्याच नावाने ती ओळखली जाते. आकृती पाच मिनिटांत कळते. तिच्यामागचा विचार मात्र घाईने हाती लागत नाही.

वरच्या टाकीतले पाणी दातेरी कडेवरून पेटीत सांडते, नळ्यांतून खालच्या कपाटातल्या संपमध्ये, म्हणजे दुसऱ्या टाकीत, उतरते, तिथे स्वच्छ होते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. या फेऱ्यात किती पाणी फिरणार हे एकटा पंप ठरवतो. निचऱ्याची नळी कितीही मोठी घेतली तरी पंपाने वर न पाठवलेले पाणी ती खाली आणू शकत नाही. नळी लहान पडली तर मात्र पंप तिच्यासाठी थांबत नाही. पाणी काठ ओलांडून खोलीत येते. म्हणून सुरुवात पंपापासून करायची. त्याच्या डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. संपपासून दीड मीटर वर चढताना, एल्बोंमधून वळताना तो बराच घटतो. खरा आकडा बादली आणि घड्याळ सांगते.

आता उतरणारे पाणी. पेटीतल्या पाण्यापासून संपमधल्या पाण्यापर्यंत १ मीटर पड धरली तर टोरिचेलीच्या सूत्राने वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर येतो. आतून २५ मि.मी. असलेल्या नळीतून तासाला ७,८०० लिटर. घर्षण आणि वळणे यांचा वाटा वजा केला की याच्या निम्मे हाती लागते, तेही नळी पूर्ण भरून, हवेचा बुडबुडाही न घेता वाहत असेल तर. हवा शिरली की तीच नळी खूप कमी पाणी नेते आणि उलट्या धरलेल्या बाटलीसारखी गुडगुडते. ‘ड्युर्सो’ नळीने यावर पहिला चांगला उपाय केला: वर टी, टीच्या टोपणाला बारीक भोक, पाणी आत घेणारे तोंड खाली वळवलेले. हवा ठरलेल्या वाटेने येऊ लागली आणि गुडगुड पुष्कळ कमी झाली. त्यानंतरच्या ‘हर्बी’ पद्धतीने हवाच नाकारली. नळी पाण्याखाली ठेवायची, गेट वॉल्व्हने आवळायची आणि पूर्ण भरून वाहू द्यायची. वर एक राखीव नळी. आवाज जवळजवळ संपला.

मग तिसरी नळी कशाला? या रचनेचे मर्म याच प्रश्नात आहे.

भरून वाहणाऱ्या नळीचा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. पेटीतले पाणी ५ सें.मी. चढले, म्हणजे १ मीटर पडीत ५ टक्के भर पडली, तर प्रवाह वाढतो जेमतेम अडीच टक्के. पंप तासाला ३,००० लिटर देत असेल तर फक्त ७५ लिटरांची चूक ही नळी स्वतःहून सावरते. पण बाष्पीभवनाने संपची पातळी उतरते, पंपाच्या पात्यांवर चुना बसतो, विजेचा दाब हलतो; पंपाचा प्रवाह एवढा तर सहज बदलतो. वॉल्व्ह किंचित जास्त आवळला तर पाणी चढत राहते, किंचित सैल केला तर पातळी उतरून नळी हवा ओढू लागते. निचरा आणि पंप तंतोतंत सारखे करून तसेच ठेवणे कोणाच्याही हाताला जमणारे नाही.

तीन नळ्यांच्या रचनेने हे मान्य केले आणि उरलेल्या पाण्याला स्वतंत्र वाट दिली. पहिली नळी मुद्दाम थोडी जास्त आवळलेली असते. ती बहुतेक पाणी नेते. जे उरते ते मधल्या, हवेला मोकळ्या नळीच्या भिंतीवरून पातळ थराने, न बोलता उतरते. पंप थोडा कमीजास्त झाला की हा थर जाड किंवा पातळ होतो. माणसाला वॉल्व्हजवळ जावे लागत नाही.

मला सर्वांत आवडते ती या मधल्या नळीची हवेची बारीक ट्यूब. तिचे उघडे टोक नेहमीच्या पातळीच्या थोडे वर असते. एखादी गोगलगाय पहिल्या नळीत अडकली की पेटीतले पाणी चढते आणि ते टोक बुडते. हवा बंद झाल्याने मधली नळीही भरून वाहू लागते आणि सगळा भार उचलते. ना सेन्सर, ना फ्लोट, ना वीज. चढत्या पाण्यानेच स्वतःसाठी दार उघडले. तिसरी, सर्वांत उंच नळी वर्षानुवर्षे कोरडी राहते. काहीजण ती वाचवू पाहतात किंवा तिच्या तोंडावर जाळी बसवतात. दोन्ही चूक. जाळी तुंबते, आणि हिने तुंबून चालणार नाही. तिने एकटीने पंपाचे सगळे पाणी नेले पाहिजे.

वीज केव्हाही जाऊ शकते अशा आपल्या गावांत ही रचना आणखी पारखली जाते. १२० बाय ६० सें.मी.च्या टाकीत १ सें.मी. पाणी म्हणजे ७.२ लिटर. पंपाची परतीची नळी १० सें.मी. खोल बुडालेली असेल तर पंप थांबताच ती उलटी वाहून ७२ लिटर संपमध्ये ओतते. म्हणून तिचे तोंड पृष्ठभागाजवळ हवे आणि संपमध्ये तेवढी जागा रिकामी हवी. वीज परतली की पहिल्या नळीत हवा कोंडलेली असते. पाणी चढते, मधली नळी भार घेते, तेवढ्यात पहिली आपली हवा खाली ढकलून देते आणि पातळी जागेवर येते. हे घडण्यासाठी तिचे खालचे टोक संपच्या पाण्यात दोनतीन सें.मी.च बुडालेले असावे. जास्त खोल असेल तर त्या हवेला बाहेर पडता येत नाही.