निमूट चुका : सामग्रीची हाताळणी व आलेखन यांविषयी काही विचार

बोलीची पाहणी असो, स्वरांचे ध्वनिमापन असो वा शब्दांच्या वारंवारितेची गणना असो, पदव्युत्तर प्रबंधात एखादी सारणी आणि दोनचार आलेख नसले तर प्रबंध अपुरा वाटावा, अशी स्थिती आज आली आहे. या कामासाठी भाषावैज्ञानिकांमध्ये विशेष रूढ झालेले साधन म्हणजे ‘आर’ ही संगणकीय भाषा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती रचली. तिचे पूर्वरूप असलेली ‘एस’ ही भाषा बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी १९७६ पासून घडविली होती. ‘आर’ची पहिली पूर्ण आवृत्ती २००० साली निघाली. ती विनामूल्य आहे, संख्याशास्त्रज्ञांच्या हातची आहे, आणि तिच्यात काढलेले आलेख देखणे असतात. या तिन्ही गुणांबद्दल वाद नाही. वाद आहे तो नवशिक्या अभ्यासकाच्या अडचणींचे जे निदान सामान्यतः केले जाते त्याबद्दल.

नवशिक्याला ‘आर’ अवघड जाते ते तिच्या व्याकरणामुळे, असे मानण्याची प्रथा आहे. कंस मिटविला नाही, स्वल्पविराम राहिला, चलाचे नाव चुकीचे लिहिले, की यंत्र काम थांबविते आणि लाल अक्षरांत तक्रार करते. विद्यार्थी घाबरतो, मार्गदर्शकाकडे जातो, आणि अध्यापनाचा बहुतेक वेळ या तक्रारींचे निवारण करण्यात खर्च होतो. वस्तुतः अशी चूक सर्वांत निरुपद्रवी होय. ती स्वतःहून बोलते आणि दुरुस्त झाल्यावाचून अभ्यासकाला पुढे जाऊ देत नाही. ज्या चुकीने प्रबंधातील निष्कर्ष बिघडतो ती वेगळीच असते. यंत्र काही बोलत नाही, किंवा बोलते ते इतक्या हलक्या आवाजात की कोणी ऐकत नाही; सारणी तयार होते, आलेख निघतो, आणि त्यावर विवेचनही लिहिले जाते.

वयाच्या स्तंभाचे उदाहरण घ्यावे. समजा, निवेदकांची वये ७, १८, २५, ६० अशी नोंदली आहेत आणि पाचव्या निवेदकाचे वय कळले नाही म्हणून त्या जागी ‘अज्ञात’ असे लिहिले आहे. त्या एका शब्दाने सबंध स्तंभाचे स्वरूप पालटते. यंत्राच्या दृष्टीने तो आता संख्यांचा स्तंभ राहिला नाही, अक्षरांचा झाला. ‘आर’च्या २०२० पूर्वीच्या आवृत्त्यांत असा स्तंभ वाचताक्षणीच ‘फॅक्टर’ म्हणजे वर्गवाचक चल बनत असे. वर्गांची मांडणी अक्षरक्रमाने होते. अक्षरक्रमात १८, २५, ६०, ७ आणि मग ‘अज्ञात’ असा क्रम लागतो, कारण सात हा अंक सहानंतर येतो. विद्यार्थ्याला वये पुन्हा संख्या म्हणून हवी असतात. तो रूपांतराची आज्ञा देतो. यंत्र आज्ञा पाळते, परंतु वये न देता वर्गांचे अनुक्रमांक देते. अठरा वर्षांच्या तरुणाचे वय १ होते, साठीच्या वृद्धाचे ३, सात वर्षांच्या मुलाचे ४, आणि ज्याचे वय ठाऊकच नव्हते त्याचे ५. सरासरी वय तीन वर्षे निघाले तर कोणाच्याही लक्षात येईल. परंतु सरासरी न काढता वयाचा एखाद्या उच्चारविशेषाशी सहसंबंध काढला तर हाती एक दशांश अपूर्णांक येतो, आणि दशांश अपूर्णांकाचा चेहरा पाहून तो खरा की खोटा हे ओळखता येत नाही.

एप्रिल २०२० मध्ये निघालेल्या चौथ्या आवृत्तीत ‘आर’च्या रचनाकारांनी ही गृहीत पद्धत बदलली, आता अक्षरस्तंभ अक्षरस्तंभच राहतो, आणि त्याचे रूपांतर करताना ‘अज्ञात’च्या जागी रिक्तता येते व तसा इशारा मिळतो. हा बदल योग्यच झाला. तथापि जुनी क्रमिक पुस्तके अद्याप ग्रंथालयांत आहेत, जुन्या आज्ञावली एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जातात. शिवाय आलेखासाठी विद्यार्थी स्वतःच फॅक्टर बनवितो, तेव्हा तोच खड्डा पुन्हा समोर येतो.

याच जातीची आणखी उदाहरणे आहेत. केवळ स्त्रियांच्या बोलीची पाहणी असली आणि लिंगाच्या स्तंभात सर्वत्र ‘एफ’ हे एकच इंग्रजी अक्षर लिहिले असले, तर वाचनाची नेहमीची आज्ञा त्याचा अर्थ ‘असत्य’ असा लावते, कारण तर्कमूल्याचा तो संक्षेप आहे. निवेदकाला ०१२ असा संकेतांक दिला तर आरंभीचे शून्य गळते, आणि दुसऱ्या सारणीतील ०१२ शी त्याची जोड लागत नाही. नामिबिया या देशाचा आंतरराष्ट्रीय संकेत ‘एनए’ असा आहे. ‘आर’मध्ये हीच दोन अक्षरे ‘नोंद उपलब्ध नाही’ या अर्थाने योजलेली आहेत. भाषांची देशवार सारणी केली की नामिबिया, आणि त्याबरोबर तेथील खोएखोए भाषेची नोंद, निमूटपणे रिकाम्या घरात जाते. बोलींना १, २, ३ असे क्रमांक दिले तर यंत्र त्यांना खऱ्या संख्या समजते, आणि आलेखाच्या सूचीत फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंतची पट्टी येऊन तीत दीड क्रमांकाची बोलीही दिसू लागते. ही दीड बोली मात्र अभ्यासकाने उपकारक मानावी. आलेखाने चूक चव्हाट्यावर आणल्याचा तो दुर्मिळ प्रसंग होय.

या सर्व उदाहरणांत यंत्राने काय केले? त्याने वाचन केले. चिन्ह पाहून अर्थ ठरविला. भाषेच्या अभ्यासकाला ही क्रिया अपरिचित असण्याचे कारण नाही. एकच चिन्ह दोन व्यवस्थांत दोन अर्थांचे असते, हा तर त्याच्या शास्त्राचा पहिला धडा. तरीही सारणीपुढे बसताच तो हा धडा विसरतो आणि आकडे हे अर्थनिरपेक्ष असतात असे धरून चालतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जी सूट द्यावी ती भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला देता येत नाही.

मराठी सामग्रीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. देवनागरी अंकांत नोंदलेली वये ‘आर’ संख्या म्हणून स्वीकारीत नाही. ती तिला अक्षरेच वाटतात, आणि आलेखाच्या अक्षावर १ नंतर १०, मग ११, आणि पुष्कळ पुढे २ असा क्रम लागतो. पाहणीतील उत्तरे ‘कधीच नाही’, ‘क्वचित’, ‘पुष्कळदा’, ‘नेहमी’ अशी असली तर ‘न’ हा वर्ण ‘प’च्या आधी येतो म्हणून ‘नेहमी’ हे उत्तर ‘पुष्कळदा’च्या अलीकडे बसते, त्या बिंदूंना रेषेने जोडले की जेथे सरळ चढ आहे तेथे चढउतार दिसू लागतो. वर्गांचा क्रम स्वतः सांगितला की हा दोष जातो. परंतु तो सांगावा लागतो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

शब्दांची लांबी मोजणे हे तर अगदी साधे काम वाटते. ‘स्त्री’ या शब्दाची लांबी किती? वाचक म्हणेल, एक अक्षर. यंत्राला विचारले तर युनिकोडच्या चिन्हांच्या हिशेबाने उत्तर सहा येते : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. साठवणुकीच्या एककांत, म्हणजे बाइटांत, तेच उत्तर अठरा. अक्षरगुच्छ मोजणारी आज्ञा वापरली तर जुन्या नियमांप्रमाणे तीन, आणि युनिकोडच्या २०२३ च्या १५.१ या आवृत्तीतील नियम लावल्यास एक. चारही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. मराठी शब्दांच्या सरासरी लांबीविषयी एखाद्या प्रबंधात विधान आढळले आणि कोणते एकक मोजले हे सांगितलेले नसले, तर ते विधान खरे की खोटे हा प्रश्नच उपस्थित होत नाही. त्याला अर्थच नसतो.

याहून फसवा आहे तो ‘शेतकऱ्यांना’ यासारख्या शब्दांतील अर्धा र. तो दोन प्रकारे टंकित होतो : खाली टिंब असलेला स्वतंत्र र आणि हलन्त असा, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असा. छापलेल्या पानावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्राला ते दोन शब्द वाटतात, आणि वारंवारितेच्या सारणीत एकच शब्द दोन ओळींत विभागला जाऊन त्याचे स्थान खाली घसरते. युनिकोडच्या सर्वसामान्य प्रमाणीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. अभ्यासकाला बदल स्वतः करावा लागतो. शब्दामागे राहिलेल्या रिकाम्या जागेचेही तसेच. ‘पुणे’ आणि रिकाम्या जागेसह ‘पुणे’ ही यंत्राच्या लेखी दोन गावे आहेत.

आलेखाकडे वळताना पीटरसन आणि बार्नी यांचे १९५२ सालचे स्वरमापन डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. ७६ वक्ते, त्यांत ३३ पुरुष, २८ स्त्रिया आणि १५ मुले. इंग्रजीचे दहा स्वर, प्रत्येक दोनदा उच्चारलेला. एकूण १५२० उच्चार. दीर्घ ईकारासारख्या स्वराच्या दुसऱ्या फॉर्मंटची सरासरी त्यांनी पुरुषांसाठी २२९०, स्त्रियांसाठी २७९० आणि मुलांसाठी ३२०० हर्ट्झ अशी दिली आहे. आता नवशिक्या अभ्यासक तिन्ही गट एकत्र करून या स्वराचा एकच बिंदू आलेखावर ठेवतो. तो बिंदू सुमारे २६५४ हर्ट्झवर पडतो. तो कोणाचा स्वर आहे? पुरुषांचा नव्हे, मुलांचा नव्हे, स्त्रियांचाही नव्हे. ३३, २८ आणि १५ या प्रमाणाने तो ठरला आहे.

एवढ्यावर संपत नाही. आलेख नीटनेटका दिसावा म्हणून अभ्यासक अक्षाची मर्यादा ३००० हर्ट्झ ठरवितो. हॅडली विकम यांच्या ‘जीजीप्लॉट’ या आलेखसंचात अक्षमापाची मर्यादा अशी घातली की मर्यादेबाहेरचे बिंदू केवळ दृष्टीआड होत नाहीत; गणनेच्या आधीच ते सामग्रीतून वगळले जातात, आणि आलेखावरील सरासरी उरलेल्या बिंदूंची निघते. समजा, त्यात मुलांच्या सर्व नोंदी गेल्या. सरासरी २६५४ वरून सुमारे २५२० वर येते. एकाही वक्त्याची जीभ हलली नाही, तरी स्वर १३४ हर्ट्झनी मागे सरकला. नुसती चौकट लहान करणारी आज्ञा वेगळी आहे, आणि ती वापरली तर सरासरी जागची हलत नाही. इतक्या ओळी वगळल्या असा इशारा यंत्र देते खरे. पण त्याचा आकडा प्रबंधात नमूद केलेला क्वचितच आढळतो. इशारा बंद करण्याची युक्ती मात्र विद्यार्थी पहिल्या आठवड्यात शिकतात. रिक्त नोंदी वगळून सरासरी काढण्याच्या आज्ञेचेही असेच झाले आहे. ती औषधासारखी घेतली जाते, आणि कोणाच्या नोंदी रिक्त होत्या हे कोणी विचारीत नाही.

विकम यांच्या रचनेचा आधार लीलंड विल्किन्सन यांचा १९९९ सालचा ‘आलेखांचे व्याकरण’ हा ग्रंथ आहे. व्याकरण हा शब्द येथे सार्थ आहे; आणि म्हणूनच हेही खरे की व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य असत्य असू शकते. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ साली अकरा अकरा बिंदूंच्या चार सारण्या प्रसिद्ध केल्या. चारही सारण्यांत सरासऱ्या ९ आणि ७.५, सहसंबंध ०.८१६, आणि आलेख काढला की एक तिरकस ढग, एक कमान, एक सरळ रेषा जिच्यापासून एकच बिंदू भरकटला आहे, आणि एक उभा स्तंभ ज्याच्या बाहेर एकटाच बिंदू आहे. त्यांचा रोख, आलेख गणनेच्या आधी आणि गणनेबरोबर पाहावा, असा होता. प्रबंधांत तो गणनेनंतर येतो, तोही बहुधा सरासऱ्यांच्या उभ्या पट्ट्यांच्या रूपाने, आणि पट्टीत सुटे बिंदू दिसतच नाहीत.

दोष सगळा विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अभ्यासवर्गांत हाताळण्यास मिळते ती बहुधा आयरिस फुलांची सारणी : एडगर अँडरसन यांनी मोजलेली, फिशर यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेली, तीन जातींची प्रत्येकी पन्नास फुले, एकही घर रिकामे नाही, एकही शब्द दोन प्रकारे लिहिलेला नाही. अशा सारणीवर विद्यार्थी आज्ञा शिकतो, वाचन शिकत नाही. पुढे गावोगाव फिरून आणलेली स्वतःची सामग्री समोर आली की तो तिला आयरिससारखी करू पाहतो. न बसेल ते पुसून टाकतो.

त्यापेक्षा पीटरसन आणि बार्नी यांचीच सामग्री वर्गात द्यावी. तिच्या प्रचलित संगणकीय प्रतीत काही स्वरचिन्हांना तारा जोडलेला आहे. ज्या उच्चारांबद्दल सर्व श्रोत्यांचे एकमत झाले नाही, त्यांची ती खूण. तारा तसाच ठेवला तर यंत्राला दहापेक्षा अधिक स्वर सापडतात. कचरा समजून पुसला तर स्वर दहाच राहतात, पण श्रोत्यांची साक्ष नष्ट होते. तारा वेगळ्या स्तंभात नेऊन ठेवण्यास तीन ओळींची आज्ञावली पुरते. ती लिहिण्यापूर्वी मात्र तारा कशासाठी आहे हे कोणीतरी विचारावे लागते.